पाच-दहाची कुंडली

शनिवारी दुपारी साडेतीनला भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या देशकरांच्या घरात चार मोठी माणसं चहा गार करत बसली होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मधल्या टीपॉयवर एक फोडलेलं पाकीट पडलं होतं. आठ वर्षांत आबांचं पाकीट शर्यतीआधी कुणी फोडलं नव्हतं. क्षितिजाने आज सकाळी फोडलं, आतली चिठ्ठी वाचली, आणि दुपारच्या जेवणाला बोलावलं तेव्हा आपल्या खोलीतूनच सांगितलं, की उद्या मी उतरत नाही.

"संध्याकाळी सहापर्यंत नाव मागे घेता येतं," कौस्तुभ म्हणाला. "त्यानंतर राखीव मुलीलाही घेत नाहीत. म्हणजे आपल्याकडे अडीच तास आहेत."

तो क्षितिजाच्या आईचा, मंजूषाचा, धाकटा दीर, वकील. कुठलीही गोष्ट तासांत आणि मुदतीत मोजायची त्याची सवय घरातल्यांना पाठ होती. एरवी मंजूषाला तिचं हसू यायचं. आज तिने नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

पाकिटांचा रिवाज क्षितिजाच्या पहिल्या शर्यतीपासूनचा. ती बारा वर्षांची असताना छोट्या तलावावर कयाक शिकायला जाऊ लागली. कयाक म्हणजे एका माणसाची, लांब, अरुंद, जरा कुठे तोल गेला की पालथी होणारी होडी. नात असल्या होडीत बसणार म्हटल्यावर आबा स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. शर्यतीच्या दोन दिवस आधी आंघोळ करून ते नातीची पत्रिका आणि पंचांग पुढ्यात घेत, निकाल एका चिठ्ठीवर लिहीत, पाकीट डिंकाने चिकटवत आणि देवघरात ठेवत. शर्यत संपवून घरी आल्यावर क्षितिजाने ते फोडायचं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. 'दुसरी येईल. शेवटच्या शंभर मीटरला वारा नडेल.' आणि खरंच वारा नडलेला असायचा. एक्केचाळीस पाकिटांपैकी तेहतीस बरोबर निघाली होती. आबांनी ती तारीखवार वहीत उतरवून ठेवली होती. उरलेल्या आठांचीही कारणं होतीच, आबांकडे कारणांना तोटा नव्हता.

आबांचं भालचंद्र देशकर हे नाव भोपाळच्या मराठी मंडळात सचिवालयातली नोकरी संपल्यापासून याच एका गोष्टीसाठी घेतलं जाई. त्यांचे वडील राजधानी बदलली तेव्हा नागपूरहून सरकारी फायलींबरोबर इथे आले ते इथलेच झाले, पण येताना पंचांग बरोबर घेऊन आले, आणि आबांनी ते क्रिकेटला लावलं. सामन्याच्या दिवशी टी. टी. नगरातून, नागपुरातून, कुठून कुठून फोन येत. नाणेफेकीची वेळ सांगा, आबा दहा मिनिटांत सांगत कोण जिंकणार. पैजा लावणाऱ्यांना मात्र ते दारात उभं करत नसत, याबाबतीत म्हातारा कडक. कुणा खेळाडूची पत्रिका मांडून भाकीत चुकलं, तर वहीत त्याच्यापुढे लाल शाईने शेरा पडे: जन्मवेळ संशयास्पद. क्षितिजाच्या पानांवर तो शेरा एकदाही पडलेला नव्हता. तिची वेळ घरचीच होती, पाच वाजून दहा मिनिटं.

आणि या वेळच्या चिठ्ठीत निकालच नव्हता. दोनच वाक्यं होती. 'निकाल मांडलेला नाही. मुलीने या दिवशी पाण्यात उतरू नये.'

"आबा, मला एक कळत नाही," कौस्तुभने चिठ्ठी पुन्हा उचलली. "तुम्ही हे गुरुवारी लिहिलंत आणि पाकिटात बंद करून देवासमोर ठेवलंत. तिने फोडलं नसतं तर? ती उद्या उतरली असती आणि आम्ही घरी येऊन हे वाचलं असतं?"

आबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "आज संध्याकाळी सांगणार होतो. दोन दिवस जीभ उचलत नव्हती."

"तिला तुमच्या तोंडावरूनच कळलं असणार," शिल्पा म्हणाली. ही कौस्तुभहून मोठी बहीण, मिसरोदला राहायची. मंजूषाचा फोन गेल्याबरोबर स्कूटर काढून आली होती. "नाश्त्याला तुम्ही तिला कितवी लेन मिळाली ते विचारलं नाहीत, वहिनी सांगत होती. एरवी आधी तेच विचारता."

"लग्नराशीवर मंगळाची दृष्टी आहे. शनी जलराशीत आहे. शर्यतीची वेळ नेमकी दोघांच्या तावडीत सापडते," आबा म्हणाले. "मी तीनदा मांडून पाहिलं. मला काय हौस आहे?"

"मग नकोच," शिल्पा म्हणाली. "शर्यती काय, पुढच्या वर्षीही होतील."

"होतील, पण हिच्या नाहीत," कौस्तुभ म्हणाला. "या वेळी पहिल्या दोघी राष्ट्रीय शिबिराला जाणार. आठ वर्षं ती पहाटे साडेचारला उठतेय, शिल्पाताई. या घरात तिच्याइतकं कुणी कशासाठी राबलेलं नाही. आणि तिला थांबवणार कोण, तर मंगळ. मी जाऊन सांगतो तिला, हे सगळं थोतांड आहे, ऊठ आणि बॅग घे."

"सांग," आबा शांतपणे म्हणाले. "पण जबाबदारी तुझी. लिहून दे मला."

कौस्तुभ उठला होता. तो दरवाजापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मंजूषा त्याच्याकडे बघत होती. या माणसाने स्वतःचं लग्न पत्रिका न बघता केलं होतं आणि त्यासाठी वर्षभर बापाशी अबोला धरला होता. पण आता त्याचा हात दाराच्या कडीवर होता आणि कडी काही सरकत नव्हती.

"माझा यावर काडीचाही विश्वास नाही," तो म्हणाला. "पण दादाची एकुलती एक मुलगी आहे ती. उद्या काही झालं तर..." आणि तो परत येऊन बसला.

त्याचं बसणं पाहून शिल्पाच हलली. गंमत म्हणजे आता तिचा सूर फिरला. "नको म्हणणं आपल्याला सोपं आहे रे," ती म्हणाली. "त्या पोरीने दहावीच्या परीक्षेतसुद्धा सराव चुकवला नव्हता. आबा, काही तोड नाही का? एखादा जप, दान?"

"दान देऊन पाणी उथळ होत नाही," आबा म्हणाले.

मंजूषा कपबश्या गोळा करू लागली. सगळ्यांना वाटलं, ती घाबरली आहे. घाबरली ती होतीच, पण कशाला घाबरली आहे ते या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं. ती कपबश्या घेऊन आत गेली, त्या ओट्यावर तशाच ठेवल्या आणि लेकीच्या खोलीत शिरली.

क्षितिजा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. बॅग भरलेली होती, होडी वल्हवायचं पॅडल कव्हरमध्ये घालून दारामागे उभं होतं. डोळे रडून सुजलेले, पण आता कोरडे.

"कोच सर तीनदा फोन कर चुके हैं," ती म्हणाली. "मी उचलला नाही."

"क्षितू, तुला जायचंय ना?"

"मला काय हवंय याचा सवालच नाहीये, आई." तिने दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "हे बघ. सकाळपासून असंच चाललंय. कयाकमध्ये तोल सगळा हातात आणि कमरेत असतो. ऐसे हाथ लेके बैठूँगी तो पलटनाच है. स्टार्टलाच पलटेन. मग आबांचं बरोबर येईल, तेहतीसचे चौतीस होतील."

"तुला पोहता येतं. जॅकेट असतं. बाजूला सुरक्षेची बोट असते."

"मला माहितीये. डोक्याला माहितीये." तिने दारामागच्या पॅडलकडे पाहिलं. "काका सांगेल ते सगळं मला पाठ आहे. पण तू सांग, माझ्या बाबतीत आबांचं कधी चुकलंय? मोठं काही? खांदा दुखावला तेव्हा त्यांनी लिहिलंच होतं ना. पत्रिका माझी आहे, आई. ती दुसऱ्या कुणाची असती तर मी हसले असते."

मंजूषाने ते थरथरणारे हात आपल्या हातात घेतले. "आलेच मी," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात परतली. नळ सोडला आणि वाहू दिला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून क्षितिजाचा जन्म नागपूरचा. कार्तिकातली दुपार. नर्सने घड्याळ पाहून सांगितलं, चार पस्तीस. मंजूषाची आई, कमलताई, पिशवीत पंचांग घालूनच दवाखान्यात आलेली, तिने तिथल्या तिथे पान उघडलं. रोहिणी नक्षत्र चार पन्नासपर्यंत. आणि कमलताईंचा चेहरा पडला, कारण जावयाचं जन्मनक्षत्रही रोहिणीच. बापाचं आणि लेकराचं नक्षत्र एक आलं तर ते बापाला जड जातं, त्या नक्षत्राची शांत, म्हणजे पूजा, करावी लागते, आणि ती होईपर्यंत बापाने मुलाचं तोंड बघायचं नाही. देशकरांच्या घरी हे सगळं अक्षराअक्षराने पाळलं जाई. शांत म्हणजे बाराव्या दिवशी.

मंजूषाचा नवरा सत्यजित आदल्या रात्रीच्या गाडीने भोपाळहून आला होता आणि दाराबाहेर उभा होता. कमलताईंनी बिचकत बिचकत त्याला सांगितलं. तो ऐकून हसला. "बारा दिवस? मी बारा मिनिटंसुद्धा थांबणार नाही," म्हणाला. सव्वापाच वाजून गेले होते. तिथेच उभं राहून त्याने भोपाळला फोन लावला आणि वडिलांना वेळ सांगितली. पाच दहा. म्हणजे रोहिणी संपून मृग लागलेलं. मग तो आत आला आणि त्याने मुलीला उचललं.

त्यानंतर साडेसहा वर्षांनी मंडीदीपच्या कारखान्यातून घरी येताना मिसरोदच्या अलीकडे एका ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं.

मंजूषा शिकलेली बाई होती. टी. टी. नगरच्या ऑफिसात रोज पन्नास लोकांचे अर्ज तपासायची, बिनपुराव्याचं एक वाक्य पुढे सरकू द्यायची नाही. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एक किडा शिरला तो शिरलाच. शांत केली असती तर? तिने हे कुणाला विचारलं नाही. आई गेली, त्यानंतर तर विचारण्यासारखं माणूसच राहिलं नाही. सासूबाई मरेपर्यंत सत्यजितची पत्रिका काढून रडत, 'यात तर असं काहीच नव्हतं गं,' म्हणत, आणि मंजूषा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मान खाली घालून बसे.

आता बोललं, तर क्षितिजाची उद्याची भीती गळून पडेल, कारण ती पत्रिका तिची नव्हतीच. पण त्या भीतीच्या जागी दुसरी येईल. आपल्या जन्माने बाप गेला, आणि आईला ते माहीत होतं. एका सकाळची भीती काढून जन्माची द्यायची? आणि नाही बोललं, तर पोर एका खोट्या वेळेपायी आठ वर्षं पाण्यात सोडून देईल, आणि पुढे प्रत्येक वेळी कुठलं तरी पाकीट तिला अडवेल. मंजूषाला दोन्हीकडे खाईच दिसत होती. तिने नळ बंद केला. पाच वाजून गेले होते.

बाहेरच्या खोलीत कौस्तुभ फोनवर नियम वाचत होता, शिल्पा देवघरापाशी उगाच फुलं सारखी करत होती.

"आबा," मंजूषा उभ्यानेच म्हणाली. "पत्रिका चुकीची आहे."

"मी तीनदा पडताळली."

"मांडणी नाही. वेळ चुकीची आहे. क्षितिजा चार पस्तीसला झाली."

आबांनी मान वर केली. त्यांना पंचांग उघडायची गरज नव्हती, नातीच्या जन्माचा दिवस त्यांना तोंडपाठ होता. त्यांचे ओठ हलले. "चार पस्तीसला रोहिणी होतं," ते म्हणाले.

"हो."

"सत्यजितचं रोहिणी."

"हो, आबा."

"पाच दहा कुणी काढली?"

"मी," मंजूषा म्हणाली. हे तिने नळापाशी ठरवूनच ठेवलं होतं. मेलेल्या माणसावर आळ नको. "मला भीती वाटली, तुम्ही त्यांना मुलीजवळ येऊ देणार नाही. माझं वय लहान होतं. मी खोटी वेळ कळवली."

मग शिल्पाने हातातली फुलं खाली ठेवली, आणि जे वाक्य मंजूषाने चौदा वर्षं स्वप्नातही ऐकलं होतं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"म्हणजे शांत झालीच नाही. वहिनी, शांत केली असती तर दादा..."

"शिल्पाताई," कौस्तुभ म्हणाला. पण उशीर झाला होता. क्षितिजा दारात उभी होती.

"एकच नक्षत्र असलं की काय होतं?" तिने विचारलं. ती शिल्पाकडे वळली. "आत्या, काय होतं?"

"तसं काही नसतं गं," शिल्पा म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "जुनी माणसं म्हणतात. बापाला जड असतं, म्हणतात."

"बाबा माझ्यामुळे गेले?"

"बाबा ट्रकमुळे गेले," मंजूषा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "वळणावर चुकीच्या बाजूने ट्रक आला, ड्रायव्हर झोपेत होता, कोर्टात शाबीत झालंय. दुसरं काही नाही."

"मग इतकी वर्षं लपवलंस का? दुसरं काहीच नव्हतं तर सांगून टाकायचं ना."

मुलीच्या प्रश्नात एक अक्षर चुकीचं नव्हतं. ती टीपॉयचा काठ धरून उभी राहिली, आणि तिला वाटलं, झालं, आपण होतं नव्हतं तेवढं सगळं घालवलं.

"मंजूषा, खोटं बोलू नकोस," आबा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"फोन तू केला नव्हतास. तू बाळंतीण, तू कुठून करणार? फोन सत्यजितने केला होता. मी या खुर्चीवर बसून घेतला. तो म्हणाला, पाच दहा. मी लिहून घेत होतो तर त्याने पुन्हा सांगितलं, पाच दहा. मी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं." त्यांनी श्वास घेतला. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. लहानपणीही खोटं बोलायचा तेव्हा तो दोनदा सांगायचा."

मंजूषा खाली बसली. एवढी वर्षं सांभाळलेली गोष्ट म्हाताऱ्याने एका दमात तिच्या हातून काढून घेतली होती, आणि तिला राग यायच्या ऐवजी हलकं वाटत होतं. तिने क्षितिजाला जवळ बोलावलं. ती आली नाही, दारातच उभी राहिली. मग मंजूषाने तिथूनच तिला सगळं सांगितलं. आजीने उघडलेलं पंचांग, बारा दिवस, आणि बाबांचं हसणं.

"त्यांना सगळं सांगितलं होतं?" क्षितिजाने विचारलं. "काय जड असतं, काय होतं, सगळं?"

"सगळं. तुझ्या आजीने काही बाकी ठेवलं नाही."

"घाबरले नाहीत?"

"घाबरले की. बाहेर हसले, पण खोलीत आले तेव्हा रंग उडालेला होता. लहानपणापासून याच घरात वाढलेले ना ते. तुला उचलताना त्यांचे हात इतके थरथरत होते, की नर्स म्हणाली, बसून घ्या. बसले नाहीत. तसेच थरथरत्या हातांनी घेतलं तुला."

क्षितिजाने आपल्या हातांकडे पाहिलं. मग ती येऊन आईच्या शेजारी बसली, पण तिला टेकली नाही. "तरी तू सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. "बाबांचं आणि माझं नक्षत्र एक आहे, एवढं तरी. ते माझं होतं, आई."

"हो," मंजूषा म्हणाली. "चुकलंच माझं."

कौस्तुभ घसा खाकरून म्हणाला, "सहाला वीस कमी आहेत. आबा, चार पस्तीसची वेळ धरून मांडा ना पटकन. लग्नरासच बदलत असेल. मंगळ वगैरे सगळं दुसरीकडे जाईल. म्हणजे तिलाही बरं वाटेल." हा काडीचाही विश्वास नसलेला माणूस.

आबांचा उजवा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर चढला होता. वृषभ जाऊन मेष. घरं एकेकाने सरकली. मंजूषाला ती मोजणी ओळखीची होती, अंगठा तर्जनीवरून मधल्या बोटावर, तिथून अनामिकेवर. ती बघत राहिली. अनामिकेच्या दुसऱ्या पेरावर अंगठा थांबला. आबा काही क्षण तसेच बसले आणि मग त्यांनी मूठ मिटली.

"नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे? वाईट आहे?" शिल्पाने विचारलं.

"नाही म्हणजे मी मोजणार नाही. वीस वर्षं मी दुसऱ्याच एका मुलीची पत्रिका वाचत होतो. आणि ती तेहतीस वेळा बरोबर कशी आली, ते मला आज विचारू नका." त्यांचा आवाज चिरकला. "माझ्या मुलाला स्वतःच्या लेकीचं तोंड बघायला चोरी करावी लागली. तो ग्रहांना नाही घाबरला. मला घाबरला."

कौस्तुभने चिठ्ठी परत पाकिटात सरकवली.

क्षितिजाचा फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने उचलला. "जी सर," ती म्हणाली. "नहीं सर, तबियत ठीक है. घर में थोड़ा काम था. आ रही हूँ मैं, सुबह साढ़े छह, पक्का." फोन ठेवून ती आबांच्या खुर्चीपाशी गेली. "आबा, लेन तिसरी मिळालीये," ती म्हणाली. आबांनी मान हलवली, पण वही उघडली नाही.

रविवारी सकाळी छोट्या तलावावर वारा होता. फार नाही, पण पाण्यावर बारीक लाटा उठण्याइतका. मंजूषाला आजवर कुठल्याही शर्यतीच्या वेळी अशी भीती वाटली नव्हती. आधी घरी एक बंद पाकीट असायचं, निकाल लागून गेलेला असायचा, आपण फक्त तो बघायला यायचं. आज कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. शिल्पा मागच्या पायरीवर डोळे मिटून बसली होती. कौस्तुभ येरझारा घालत होता, मधूनच थांबून सुरक्षेच्या बोटी मोजत होता.

आबा आले होते. आजवर ते एकाही शर्यतीला आले नव्हते, मला बघायची काय गरज, म्हणत. आज सगळ्यांच्या आधी कपडे करून फाटकापाशी उभे होते. आता ते कठड्याजवळ मंजूषाच्या शेजारी होते. मोतीबिंदूमुळे त्यांना पलीकडचा काठही नीट दिसत नव्हता.

सुरुवातीच्या रेषेवर होड्या लागल्या. इतक्या लांबून मुलींचे चेहरे दिसत नव्हते, नुसती रंगीत जॅकेटं. तिसऱ्या लेनमधली होडी डावीकडे कलली, सावरली, पुन्हा कलली. मग भोंगा वाजला आणि सगळी पॅडलं एकदम पाण्यात गेली.

"मंजूषा," आबा म्हणाले.

"काय, आबा?"

"काय होईल गं?"

तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, त्यांना न दिसणाऱ्या पाण्याकडे डोळे ताणून बघत होते. त्यांचा हात कठड्यावर होता आणि त्याची बोटं अगदी स्थिर होती, काही मोजत नव्हती.

"माहीत नाही, आबा," ती म्हणाली. "सरळ चाललीये. पुढे दोघी आहेत. आता एकच आहे."

"सांगत राहा," आबा म्हणाले.

ती सांगत राहिली.